मेंझेलबाई आणि गावठी कुत्रं माणसाळवण्याची त्यांची रीत

प्रश्न असा आहे: "इस्रायलमधल्या कनान जातीच्या कुत्र्यांबद्दल वाचताना रुडॉल्फिना मेंझेल हे नाव सारखं येतं. या बाई कोण होत्या? आमच्या सोसायटीच्या आवारात एक गावठी कुत्री आहे. खाणं घेते, पण माणसाला जवळ येऊ देत नाही. तिला घरात घ्यायचं आहे. बाईंनी रानातली कुत्री माणसाळवली म्हणतात, त्यातलं आम्हाला काही वापरता येईल का?"

वापरता येईल, आणि बरंच. पण आधी बाईंबद्दल थोडं, कारण त्यांची पद्धत त्यांच्या आयुष्यातून आलेली आहे.

रुडॉल्फिना मेंझेल १८९१ साली व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात जन्मल्या. विषय रसायनशास्त्र, डॉक्टरेट व्हिएन्ना विद्यापीठाची. नवरा डॉक्टर, त्याचं नाव रुडॉल्फ. दोघं लिंझ शहरात राहायला गेली आणि तिथे त्यांनी बॉक्सर कुत्री पाळायला, वाढवायला, शिकवायला सुरुवात केली. शोधनिबंध दोघांच्या नावाने छापले जात: आर. मेंझेल आणि आर. मेंझेल. त्यामुळे कुणाचं काम कोणतं हे निबंधावरून कळत नाही. तरी कुत्र्यांच्या जगात नाव राहिलं ते बाईंचं. वास घेण्याची कुत्र्याची ताकद, पिल्लांवर भोवतालाचा होणारा परिणाम, व्यालेली कुत्री पिल्लांना कशी सांभाळते, असे त्यांचे विषय होते. पिल्लं आणि त्यांचा भोवताल यावरचा निबंध १९३७ चा आहे. पिल्लू वाढताना काय अनुभवतं यावर त्याचा स्वभाव ठरतो, हे आज कोणताही प्रशिक्षक सहज सांगतो. त्या काळी ते नोंदी ठेवून दाखवावं लागत होतं.

१९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्याच वर्षी मेंझेल दांपत्य देश सोडून ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाइनमध्ये गेलं आणि हैफाजवळच्या किर्यात मोत्झकिन इथे स्थायिक झालं. तो मुलूख बाईंना अगदीच अनोळखी नव्हता. हगाना या ज्यू संरक्षक संघटनेला वस्त्यांच्या राखणीसाठी कुत्री तयार करायची होती आणि त्या कामासाठी १९३४ मध्येच त्या तिथे जाऊन आल्या होत्या.

तिथे अडचण आली हवामानाची. युरोपातून नेलेली कुत्री उन्हात टिकेनात. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. धापा टाकून, जिभेवरून आणि नाकातून ओलावा उडवूनच त्याला अंग थंड ठेवावं लागतं. बॉक्सरचं नाक आखूड, त्यामुळे ही सोय मुळातच तोकडी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं की जीव धोक्यात येतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हस्की आणि सेंट बर्नार्ड पाळणाऱ्यांनी हे आकडे लिहून ठेवावेत.

बाईंनी नजर वळवली ती वस्त्यांच्या कडेला, बेदुइनांच्या, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या, तंबूंभोवती आणि वाळवंटात फिरणाऱ्या मोकाट कुत्र्यांकडे. त्यांना कुणी शिकवण्यालायक समजत नव्हतं. बाईंचा विचार सरळ होता: या उन्हात, एवढ्याशा पाण्यावर, कुणाच्या औषधपाण्याशिवाय जे कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या जगलं आहे, त्याची निवड निसर्गाने आधीच केलेली आहे. आपल्याला फक्त त्याचा माणसावरचा विश्वास कमवायचा आहे. त्यांनी या कुत्र्यांचे बांध्यावरून चार प्रकार पाडले: भारदस्त मेंढपाळ कुत्र्यासारखी, डिंगोसारखी (ऑस्ट्रेलियातलं रानकुत्रं), कोलीसारखी (ब्रिटनमधलं मेंढ्या राखणारं कुत्रं) आणि ग्रेहाउंडसारखी सडपातळ. त्यातल्या डिंगो आणि कोली यांच्या दरम्यानच्या मध्यम बांध्यावर काम करून जी जात स्थिर केली, ती कनान. खांद्यापाशी उंची ५० ते ६० सेंटिमीटर, वजन १८ ते २५ किलो, उभे कान, पाठीवर वळणारी शेपटी. आपल्या गावठीच्या शेजारी उभं केलं तर नातं लगेच कळतं. आंतरराष्ट्रीय श्वानसंघाने कनानला आदिम प्रकारच्या गटात ठेवलंय ते त्यामुळेच.

आता तुमच्या कामाची गोष्ट. बाईंनी मिळवलेल्या पहिल्या मोठ्या कुत्र्याचं नाव दुग्मा. त्याला खाणं ठेवून ठेवून जवळ आणायला सुमारे सहा महिने लागले. एकदा हाती आल्यावर मात्र काही आठवड्यांत तो बाईंबरोबर गावात हिंडू लागला, बसमध्ये बसू लागला. लोक यातला दुसरा भाग कौतुकाने सांगतात. मी पहिला भाग पाहा म्हणेन. सहा महिने त्याला कुणी घाबरवलं नाही, म्हणून पुढचं काम आठवड्यांत झालं. जाळं टाकून तोच कुत्रा एका दिवसात पकडला असता, तर बसमध्ये कदाचित कधीच चढला नसता.

तुमच्या कुत्रीसाठी पहिला आठवडा फक्त पाहा आणि वहीत लिहा. ती किती वाजता कुठे असते, कुणाला पाहून शेपटी हलवते, कुणाला पाहून उठते. सगळ्यात महत्त्वाचं: तुम्ही किती अंतरावर आल्यावर ती उठून निघते. ते पावलांत मोजा. याला पळण्याचं अंतर म्हणू. पुढचं सगळं काम या एका आकड्यावर चालतं. याच आठवड्यात कान नीट बघा. कानाला सरळ काप किंवा त्रिकोणी खाच असेल तर नसबंदी झालेली आहे. नसेल तर आचळं बघा. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्या बहुधा पावसाळ्याच्या शेवटी माजावर येतात आणि हिवाळ्यात वितात. आचळं ओथंबलेली दिसली तर जवळपास पिल्लं आहेत, आणि तिला एकटीला उचलून घरात नेणं म्हणजे पिल्लं मारणं.

खाणं रोज त्याच वेळी, त्याच भांड्यात, त्याच माणसाने द्यायचं, आणि ठेवताना दरवेळी तीच हाक. घरातल्या चौघांनी आळीपाळीने द्यायचं नाही. ती चौघांनाही अर्धवटच ओळखेल. १५-१६ किलोच्या कुत्रीला दिवसाला साधारण ३०० ग्रॅम शिजलेला भात आणि २०० ते २५० ग्रॅम बिनहाडाचं उकडलेलं चिकन पुरतं. मीठ, कांदा, लसूण नको. शिजवलेलं हाड अजिबात नको, त्याच्या चिरफळ्या आतड्यात रुततात. कोरडं तयार खाद्य असेल तर २२० ते २५० ग्रॅम. आवारात दुसरंही कुणी तिला घालत असेल तर त्यांच्याशी बोलून वेळ वाटून घ्या. पोट भरलेली कुत्री तुमच्यासाठी एक पाऊलही पुढे टाकणार नाही. दूध-पोळीवर तिची प्रथिनांची गरज भागत नाही, आणि दुधाने बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना हगवण लागते.

सुरुवातीला भांडं ठेवून तुम्ही त्यापासून पळण्याच्या अंतरापेक्षा दोन पावलं जास्त लांब जाऊन बसा. तिच्याकडे तोंड करून बसू नका, कूस वळवून बसा. डोळ्यांत बघू नका, वाकू नका, मोबाइल तिच्या दिशेने धरू नका. तोंड भांड्यात घालून, अंग सैल सोडून तिने तीन-चार दिवस सलग खाल्लं, की भांडं फूटभर तुमच्याकडे सरकवा. घास उचलून लांब जाऊन खात असेल तर तुम्ही घाई केली आहे. भांडं मागच्या जागी न्या. हा नियम मोडला जातो तो नेमका दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, कारण तोवर माणसाचा धीर सुटलेला असतो.

अंतर पाच-सहा फुटांवर आलं की हातातून खाऊ घालायचा मोह होतो. तो आवरा. भुकेपोटी ती पुढे येते, घास तोंडात घेते आणि मग तिला भान येतं की आपण माणसाच्या अगदी पुढ्यात उभे आहोत. तिथे ती दचकते, क्वचित चावतेही. त्याऐवजी चिकनचा तुकडा तिच्या पलीकडे, मागच्या बाजूला टाका. ती लांब जाईल, खाईल आणि स्वतःहून परत येईल. लांब जाण्यात बक्षीस आणि परत येणं तिच्या मर्जीवर. असं पाच-सात वेळा झालं की थांबा. पंधरा दिवसांत फरक दिसतो.

पहिला स्पर्श डोक्यावर नको. वरून येणारा हात म्हणजे तिच्यासाठी मार. हनुवटीखाली किंवा छातीच्या बाजूला, दोन सेकंद, आणि हात मागे. तिने अंग तुमच्याकडे लोटलं तर परत. मान वळवली, ओठ चाटले, अवेळी जांभई दिली, तर त्या दिवशी तेवढंच. गुरगुरली तर ओरडू नका. गुरगुरणं दाबून टाकलेली कुत्री पुढे न सांगता चावते.

पट्ट्याच्या बाबतीत एक ठरलेली चूक आहे. गावठीचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं. घाबरून मागे ओढ घेतली की साधा पट्टा कानांवरून निघतो आणि कुत्री थेट रस्त्यावर. छातीचा आणि पोटाचा असे दोन बंद, शिवाय बरगड्यांच्या मागे कमरेशी तिसरा बंद असलेला हार्नेस (अंगात घालायचा पट्टा) घ्या. वेगळा मानेचा पट्टाही घाला आणि दोन्हींना स्वतंत्र दोऱ्या लावा. हार्नेस आधी आठवडाभर भांड्याशेजारी नुसता पडू द्या. मग त्याच्या कड्यातून घास द्या, म्हणजे ती स्वतः मान आत घालते. बंद लावल्यावर लगेच ओढून न्यायचं नाही. दहा मिनिटं तिथेच खाणं, आणि काढून टाकायचं.

घरात आणायच्या आधी फरशीचा विचार करा. मातीवर वाढलेल्या कुत्रीला गुळगुळीत फरशी, जिना आणि लिफ्ट या तिन्हींची भीती वाटते. दारापासून तिच्या कोपऱ्यापर्यंत चटया किंवा जुन्या सतरंज्या टाका. कोपरा भिंतीला लागून हवा, येण्याजाण्याच्या वाटेवर नको आणि स्वयंपाकघराजवळही नको. कुकरच्या शिट्टीने पहिल्याच दिवशी पलंगाखाली गेलेली कुत्री दोन दिवस बाहेर येत नाही. पहिले तीन दिवस पाहुणे नकोत. दर तीन-चार तासांनी, दोन्ही दोऱ्या लावून, तिच्या ओळखीच्या जागीच बाहेर न्या. आंघोळ दोन-तीन आठवडे नको. गोचिडांसाठी वजनानुसार गोळी मिळते, ती डॉक्टरांकडून घ्या आणि त्याच खेपेला गोचिडतापाची रक्ततपासणी करून घ्या. रस्त्यावरच्या बऱ्याच कुत्र्यांच्या रक्तात हा आजार मुरलेला असतो, आणि "नवीन घरामुळे मरगळली आहे" असं समजून तो नजरेआड होतो. रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या साथींची लस, जंताचं औषध आणि खाच नसेल तर नसबंदी, हेही याच काळात.

रेबीजबद्दल स्पष्ट लिहितो. मोकाट कुत्र्याबरोबर असं काम करणाऱ्याने स्वतः आधी लस घ्यावी. वेळापत्रक डॉक्टर सांगतील. चावा किंवा रक्त आलेला ओरखडा झाला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नेहमीच्या पद्धतीत दंडातली इंजेक्शनं ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असतात. आधी लस घेतलेली नसेल तर रक्त आलेल्या चाव्याला किंवा ओरखड्याला जखमेत वेगळं सीरमही लागतं. हळद, चुना, तेल काहीही लावायचं नाही. आधी लस घेतली असली तरी चाव्यानंतरचे डोस चुकवायचे नाहीत.

सहा महिन्यांनीही ती पाच फुटांच्या आत येत नसेल तर? तिला आवारातलीच राहू द्या. नसबंदी, दरवर्षी लस, ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी खाणं. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत अशा वस्तीतल्या कुत्र्यांची आणि त्यांना खाऊ घालण्याच्या जागांची तरतूद आहे. काही कुत्र्यांसाठी हेच बरं असतं. त्यामागचं शास्त्रही पक्कं आहे: पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात माणसाला आपलं मानायला शिकतं. १९६१ साली अमेरिकेत काही पिल्लं १४ आठवडे माणसाच्या स्पर्शाविना वाढवून पाहिली. ती पुढेही माणसाला बिचकतच राहिली. तुमच्या कुत्रीने त्या वयात माणसाकडून दगडच खाल्ले असतील तर तुमच्या प्रेमाला मर्यादा आहे. तो तुमचाही दोष नाही आणि तिचाही.

म्हणूनच बाईंनी मोठ्या कुत्र्यांबरोबर पिल्लंही आणली. तुम्हालाही पिल्लू मिळत असेल तर काम कितीतरी सोपं आहे. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. आठ ते चौदा या आठवड्यांत रिक्षा, पाऊस, छत्री, काठी घेतलेले आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस, ढोल, लहान मुलं, सगळं लांबून, खाऊबरोबर, थोडं थोडं दाखवा. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीज तीन महिन्यांनंतर. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली न ठेवता कडेवर घेऊन फिरवा. "लसी होईपर्यंत घरातच" हा सल्ला पाळणाऱ्यांची पिल्लं पार्व्होतून वाचतात, पण तोवर तो काळ निघून गेलेला असतो.

साधारण सहा महिन्यांपासून सव्वा वर्षापर्यंत गावठी अनोळखी माणसावर भुंकू लागते आणि घरचे घाबरतात. कनानच्या अधिकृत वर्णनातच लिहिलं आहे की हे कुत्रं सावध, अनोळखी माणसाबद्दल साशंक असतं, पण स्वभावतः हल्लेखोर नसतं. हा त्या रक्ताचा गुण आहे. राखणीसाठी बाईंना तोच हवा होता. पाहुणे आले की कुत्रीला आधी आतल्या खोलीत ठेवा, पाहुणे बसले की दोरीवर बाहेर आणा, आणि पाहुण्यांना सांगा: हात पुढे करू नका, तिच्याकडे बघू नका. पंधरा मिनिटांत ती स्वतः हुंगून जाते.

वासाचं काम हा बाईंचा खास प्रांत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सुरुंग शोधणारी कुत्री ब्रिटिशांसाठी तयार केली. तेव्हा लाकडी आणि काचेचे सुरुंगही वापरात आले होते. त्यांत धातू इतका कमी की धातूशोधक यंत्र गप्प राहायचं; कुत्र्याला स्फोटकाचा वास येई. अशा प्रशिक्षणात फसगत होते ती प्रशिक्षकाच्याच वासाने. माणूस हाताने वस्तू पुरतो आणि कुत्रं माणसाचा माग, नाहीतर नुकती उकरलेली माती शोधायला शिकतं. रसायनशास्त्रात मुरलेल्या बाईला नमुना हाताने बिघडतो हे वेगळं सांगावं लागलं नसणार, असं मला वाटतं.

घरी हा खेळ जरूर खेळा. बुजऱ्या कुत्रीचा धीर वाढवायला याच्याएवढं चांगलं काही नाही. झाकणाला भोकं पाडलेल्या सहा सारख्या डब्या घ्या. सगळ्यांत कापसाचे बोळे, एकाच डबीत दोन लवंगा. डब्या हातमोजे घालून भरा. लवंगेची डबी कायम वेगळी ठेवा. ती रिकामी करून दुसऱ्या दिवशी साधी म्हणून वापरली तर कुत्री बरोबर असूनही तुम्ही तिला चूक ठरवाल. पहिले तीन दिवस फक्त लवंगेची डबी पुढे धरा, हुंगली की घास. मग दोन डब्या, मग चार, मग सहा, जागा दरवेळी बदलून. लवंगेची डबी कुठे आहे हे खेळवणाऱ्याला ठाऊक नसेल असं बघा, दुसऱ्याने मांडावी. नाहीतर कुत्री डबीऐवजी तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देते. एका वेळी पाच मिनिटं पुरे. नाकाने काम करताना कुत्री भराभर हुंगते आणि लवकर थकते.

बाईंच्या कामात एक गोष्ट कनानकडून नीट साधली नाही, ती तुम्हाला उपयोगी पडेल. १९४९ मध्ये त्यांनी अंध व्यक्तींसाठी संस्था काढली आणि मार्गदर्शक कुत्री तयार करू लागल्या. कनानही वापरून पाहिले. ते फार स्वतंत्र बुद्धीचे निघाले. हुकूम ऐकतात, पण आधी तो पटतो का ते बघतात. गावठीचंही हेच आहे. लॅब्रेडॉर "बस" म्हटल्यावर पन्नास वेळा बसेल. गावठी पाचव्यांदा तुमच्याकडे बघत उभी राहील. ती मठ्ठ नाही, तिला कारण दिसत नाही. एका हुकुमाचा सराव तीन-चार वेळांपुरता ठेवा आणि उठा. मोकळ्या मैदानात दोरी सोडायची घाई पहिल्या वर्षी करू नका. हाक मारल्यावर येणं १० मीटरच्या लांब दोरीवर, आधी घरात, मग जिन्यात, मग बागेत पक्कं करा, आणि परत आलेल्या कुत्रीला कधीही रागावू नका, कितीही उशिरा आली तरी.

कनानला इस्रायलच्या श्वानसंघाची मान्यता १९५३ मध्ये मिळाली आणि आंतरराष्ट्रीय संघाची १९६६ मध्ये. जातीचं मूळ वर्णन बाईंनीच लिहिलेलं. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये चार कनान अमेरिकेत कॅलिफोर्नियाला पोहोचले आणि तिथे जातीची सुरुवात झाली. बाई १९७३ मध्ये गेल्या. आपल्या गावठीला अशी कागदोपत्री ओळख नाही आणि माझ्या मते तिची गरजही नाही. तुम्हाला हवी ती माहिती त्या पहिल्या आठवड्याच्या वहीत येईल. ती आजच सुरू करा, आणि तारखेखाली पहिला आकडा पळण्याच्या अंतराचा लिहा.